पोटभाडेकरू

येणारा अजून कच्चा आहे.
बनवणारेच लिहितात:
रोजच्या कामाच्या यंत्रावर याला घेऊ नका.
आमच्याकडे यंत्र एकच,
आणि त्याच्यावर काम रोजचं.

म्हणून पोटभाडेकरू.
विक्रोळीत, कन्नमवार नगरात, हे काही नवीन नाही:
मूळ भाडेकरू आत, पागडीवाल्यासारखा, हलणार नाही;
त्याच्या दोनशे चाळीसातून चाळीस जीबी
भिंत सरकवून काढायचे,
हळू,
पलीकडे बाळ झोपलेलं असताना खिळा ठोकावा तसे.

आधी पडताळणी.
ठाण्यात दोन फोटो आणि आधार देतो, तशी
चौसष्ट अक्षरांची ओळख.
त्यांनी दिलेली वर, उतरवलेल्याची खाली,
बोट ठेवून वाचली.
एकही अक्षर जुळेना.
येताना ऐरोलीच्या पुलावर काही सांडलं असेल.
पुन्हा उतरवला. जुळली.

आणि त्याच्याही आधी अनामत.
हे मुस्तन्सिरने सांगितलं, लॅमिंग्टन रोडवर,
पेन ड्राइव्हचे सुटे मोजता मोजता:
"काका, घेतलेला बॅकअप बॅकअप नसतो.
उघडून बघितलेला असतो."
मी हसलो.
माझ्याकडे तर सहा वर्षांचा होता,
निळ्या डबीत, पासबुकांखाली,
दर दिवाळीच्या साफसफाईत नवा करून ठेवलेला.

तरी मुक्ताच्या मैत्रिणीचा लॅपटॉप मागून आणला.
डबी जोडली.
'मृदुला हिशेब'वर टिचकी मारली. सापडत नाही.
'सोसायटी २०१९'. सापडत नाही.
'अण्णांची सही'.

सहा दिवाळ्या मी
फायली नव्हे, फायलींकडे बोट दाखवणारे बाण
जपून ठेवले होते.
घराऐवजी घराची पाटी.
चित्राच्या कोपऱ्यातला तो वाकडा बाण
रोज दिसत होता. मला वाटायचं, नक्षी आहे.

त्या रात्री नव्याला दारातच उभं केलं.
दोन तास दहा मिनिटं सगळं घर डबीत भरलं,
मग मैत्रिणीच्या लॅपटॉपवर एकेक उघडत बसलो.
हिशेबात, मार्चच्या पानावर, मृदुलाचं:
तावडे, कुरडया दोन किलो, पैसे बाकी,
मागू नयेत, घरात आजारपण.
मी हे कधी वाचलं नव्हतं.
अण्णांची सही उघडली. 'पां' थोडा थरथरलेला.

डबी काढली, वायर गुंडाळली, पासबुकांखाली ठेवली.
ती जोडलेली असताना परक्याला घरात घ्यायचं नाही.
मग खोलीचा आकार तीनदा वाचला,
चाळीस, चाळीस, चाळीस,
आणि 'पुढे' दाबलं.

सकाळी आवाज नाही. प्रिंटर ओळख देईना.
वायफाय रुसलेलं.
मृदुला चहा घेऊन उभी: "हा कोण?"
म्हटलं, राहील काही दिवस.
तुझं सगळं पलीकडे जसंच्या तसं आहे,
चालू करताना खालचा बाण दाबायचा.
"बाण?" ती म्हणाली. "बाणांचं तू मला सांगू नकोस."
रात्रीचं सगळं तिला कळलं होतं, कुणाकडून कोण जाणे.

मी त्याला मराठी देऊन पाहिलं.
'पायऱ्या' लिहिलं, तर र एकीकडे, या एकीकडे,
मध्ये पाय मोडलेली रेघ.
दुसऱ्या, वाऱ्यावर, सोयऱ्यांना,
सगळ्यांचं तेच.

तक्रारीचा फॉर्म विचारतो: काय अपेक्षित होतं?
लिहिलं: अर्धा र.
डोक्यावर चढणारा नव्हे,
पुढच्या अक्षराला बिलगणारा, पापणीएवढा.
आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो,
रोज लागतो.

पाठवलं,
अर्थात जुन्याच्या खोलीत जाऊन.
नव्याकडे नेट कुठलं.